हसण्याचे दहा मार्क

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ब्रशी क्रीकमध्ये पेट्रोल पंपसुद्धा रामभरोसे सोडून लोक मैदानावर येतात. फुटबॉल असतो ना. केंटकीच्या डोंगरांतलं एवढंसं गाव आमचं, कोळशाची खाण बंद पडली तेव्हापासून अभिमानाने सांगावं असं फारसं काही उरलेलं नाही. फुटबॉलची टीम आहे, आणि तिच्यासाठी मैदानाच्या कडेला निळे-पांढरे स्कर्ट घालून ओरडणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, एकमेकींना खांद्यावर झेलणाऱ्या मुली आहेत. चिअरलीडर. टीम हरली तरी गाव त्यांना नावं ठेवत नाही. म्हणून नववीतली प्रत्येक मुलगी एप्रिल महिन्याकडे डोळे लावून बसते. एप्रिलात निवड चाचणी असते.

जोडी माझं नाव. त्या वर्षी मी नववीत होते आणि ट्रिना स्टॅम्परही. ट्रिना आमच्या वरच्या वळणावर राहायची. लहानपणी तिच्या डाव्या कानाखाली गाठ आली होती. लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांनी ती काढली, पण गाठीबरोबर चेहऱ्याची शीरही गेली. तेव्हापासून तिची डावी बाजू हलत नाही. भुवई नाही, गाल नाही, ओठाचा कोपरा नाही. डाव्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नाही म्हणून खिशात कायम थेंबांची बाटली. हसली की उजवा गाल वर जातो आणि डावा आहे तिथेच राहतो. शाळेतली पोरं तिला 'अर्धीमुर्धी' म्हणायची. ती हसताना तोंडावर हात धरायची, इतकी वर्षं धरत आली होती की मला वाटायचं हसायची पद्धतच तशी असते तिची.

तर ही ट्रिना एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पिझ्झाचा तुकडा खाली ठेवून मला म्हणाली, "जोडी, मी चाचणीला उभी राहतेय."

"कसल्या चाचणीला?"

"चिअरच्या. आणि कसल्या?"

मागच्या टेबलावर ब्रुक बसली होती. अकरावीतली, टीमची कॅप्टन. तिला ऐकू गेलं. ती वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अगं ट्रिना, हसण्याला दहा मार्क असतात. तुला पाच देतील का गं? अर्धे?"

टेबलभर हशा पिकला. ट्रिनाने पिझ्झा उचलला, एक घास चावून चावून खाल्ला, गिळला, आणि मग म्हणाली, "पाच तर पाच. बाकीचे तुझ्यातून काढून घेईन."

त्याच दुपारी हॅलकम कोचनी तिला बोलावलं. मी दाराबाहेर थांबले. दार उघडंच होतं. हॅलकम कोच वाईट बाई नव्हत्या, हे आधी सांगते. गेली कित्येक वर्षं टीम त्यांच्या हातात होती, आणि मुलींच्या वाढदिवसाला त्या स्वतः केक करून आणायच्या. ट्रिनाला समोर बसवून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बाळ, मला एक मदतनीस हवीच आहे. पाण्याच्या बाटल्या, हातात हलवायच्या झिरमिळ्यांच्या पॉमपॉमच्या पिशव्या, ओरडायचे भोंगे. आमच्याबरोबर बसमधून येशील, जॅकेटही मिळेल. चाचणी द्यायची गरजच नाही. अगदी आमच्यातलीच असशील."

"मला उड्या मारायच्यात, कोच."

"हो, पण तुला त्रास व्हायला नको. बाहेरून परीक्षक येतात. ते तुला ओळखत नाहीत."

"मग बरंच आहे," ट्रिना म्हणाली. "ओळखणारे जास्त त्रास देतात."

बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मला म्हणाली, "उद्यापासून सराव. आमच्या गोठ्यात."

गोठा म्हणजे खरं तर जनावरांच्या लिलावाचा अड्डा. तिचे डॅडी, ड्युई स्टॅम्पर, तिथे दर शनिवारी गायी-बैलांचा लिलाव पुकारायचे. एरवी ते गोल रिंगण रिकामं असायचं. भोवती चढत्या बाकड्यांच्या रांगा, खाली भुशाचा जाड थर. पडलं तरी लागायचं नाही. वास मात्र असा की पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधला. आधी फावड्याने शेण काढायचं, मग उड्या.

चाचणीत एकट्याच्या उड्या आणि घोषणा असतातच, पण मनोराही करून दाखवावा लागतो. खाली दोघींनी हातांवर पेलायचं, तिसरीने वर उभं राहायचं, आणि मागून धरायला कोच जुन्या टीममधली एखादी मुलगी देतात. खालच्या दोघी म्हणजे मी आणि ट्रिना. वर चढणारी कुणी मिळेना. आठ-दहा जणींना विचारलं, सगळ्यांचे गट आधीच ठरलेले. शेवटी आठवीतली किट नेपिअर मिळाली, जी पुढच्या वर्षी हायस्कूलला यायची होती. उंदराएवढी पोर, आणि जीभ हातभर लांब.

"मला पाडाल का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाडलं तर शेण आहे खाली. मऊ असतं," ट्रिना म्हणाली.

किटने रिंगणाकडे बघितलं, मग ट्रिनाकडे. "चालेल. पण शेणात पडले तर पुढचा आठवडाभर माझे कपडे धुवायची पाळी तुझी."

असा आमचा सराव सुरू झाला. रोज शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत. ट्रिना दणकट होती, लहानपणापासून गवताचे गठ्ठे उचललेले. पण उडीत तिचे पाय जडशीळ. हवेत पाय फाकून पायांच्या बोटांना हात लावायचा, तर तिचे पाय कमरेएवढे वर जायला तयार नाहीत. पहिल्या आठवड्यात तिला नीट बसताही येत नव्हतं. वर्गात ती बाकाच्या कडेवर टेकायची. मी म्हटलं, एक दिवस आराम कर. तर म्हणाली, "आराम करायला मदतनीस व्हायला हवं होतं."

आवाजाचं मात्र तिला शिकवावं लागलं नाही. लिलावाच्या गोंगाटात वाढलेली मुलगी ती. ती "ब्रशी क्रीक, उठा!" असं ओरडली की पत्र्याचं छप्पर झणझणायचं. ड्युईकाका कधीकधी सर्वात वरच्या बाकड्यावर येऊन बसायचे, टोपी डोळ्यांवर ओढून. माझी पाळी आली की खालून आवाज जायचा आणि वरून उत्तर यायचं, "कोण गं ते? मांजर शिरलं का आत?" मी चिडून दुप्पट ओरडायचे. "हां, आता वासराएवढी झालीस." एवढंच त्यांचं शिकवणं. पण महिन्याभरात माझाही आवाज निघायला लागला.

अडचण राहिली ती हसण्याची. ओरडताना, उडी मारताना, वर किटला पेलतानासुद्धा चेहऱ्यावर हसू लागतं. ट्रिना ओठ घट्ट मिटून उड्या मारायची. मी नुसत्या उड्या मोजायचे. किट मात्र बोलली.

"तू हसत का नाहीस गं? मला वरून वाटतं, तू रागावलीयस माझ्यावर."

"हसले तर कसं दिसतं माहितीय ना?"

"मला वरून तुझा फक्त भांग दिसतो," किट म्हणाली.

चाचणीच्या आधीच्या रविवारी ट्रिनाच्या मम्मीने आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. वांडाकाकू शाळेची बस चालवायच्या, सगळ्या गावाची खबर त्यांच्या बसमधून फिरायची. त्या दिवशी गप्प गप्प होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी ट्रिनाला स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसवलं आणि एका डबीतून पारदर्शक पट्ट्या काढल्या. कुणा पार्लरवालीने सांगितलं होतं. गालाला एक टोक चिकटवायचं, दुसरं वर ओढून कानामागे केसांत लपवायचं, वरून मेकअप.

"दोन मिनिटं हलू नकोस," काकू म्हणाल्या.

ट्रिना हलली नाही. काकूंनी पट्टी लावली, पावडर फिरवली, डाव्या ओठाचा कोपरा लिपस्टिकने जरासा वर नेला. मग आरसा समोर धरला. खोटं कशाला बोलू, लांबून बघितलं तर चेहरा सारखा वाटत होता. डावा गाल वर ओढलेला, आणि न हसताही हसणारा.

ट्रिना आरशात बघत राहिली. मग तिने कानामागे हात घातला आणि पट्टी एका झटक्यात ओढून काढली. गालावर लाल वळ उठला.

"अगं, काय करतेस! किती छान दिसत होतीस!"

"ती मी नव्हते, मम्मी."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे गं. मार्क मिळतील, निवड होईल, मग कर ना तुला हवं ते."

"मग पुढे काय? दर शुक्रवारी पट्ट्या लावू? घाम आल्यावर गाल सुटून खाली लोंबला की सगळं मैदान बघेल."

काकूंनी आरसा खाली ठेवला. "मला तुझी लाज वाटते म्हणून नाही गं करत मी हे. माझ्या बसमध्ये रोज बसतात ती कार्टी. काय बोलतात ते मी ऐकते. शंभर माणसं तुझ्यावर हसलेली मला नाही बघवणार."

"मग डोळे मिटून घे," ट्रिना म्हणाली, आणि खुर्ची मागे सारून अंगणात गेली.

मी तिच्या मागे गेले. ती कुंपणाला टेकून उभी होती, डोळ्यात थेंब घालत. थेंब की पाणी कळत नव्हतं. मग म्हणाली, "जोडी, मी आजपर्यंत कुणासमोर नीट हसलेच नाहीये. हात काढून. तुझ्यासमोरसुद्धा नाही."

"मग आता हास."

"असं सांगितल्यावर कुणी हसतं का, मूर्ख!" म्हणाली, आणि हसली. हात कुंपणावरच ठेवून. उजवा गाल डोळ्यापर्यंत गेला, दात एका बाजूने दिसले, डावी बाजू दगडासारखी. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. तसं काही वाटलं नाही. मलाही हसू आलं, बास.

"हेच घेऊन जाणार मी," ती म्हणाली. "हेच आहे माझ्याकडे."

चाचणीच्या आधी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये, सगळ्यांचा एकत्र सराव असतो. कोचनी तिला रांगेच्या डाव्या टोकाला उभं केलं आणि म्हणाल्या, "बाळ, जराशी तिरकी उभी राहा. उजवी बाजू पुढे." ट्रिना तिरकी झाली. घोषणा सुरू झाली तशी ती सरळ झाली. कोचनी पुन्हा खूण केली. ती पुन्हा तिरकी, आणि पुन्हा सरळ.

"ट्रिना, मी काय सांगितलं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, कोच, लोकांकडे तोंड करून ओरडायचं. माझं तोंड हे एवढंच आहे."

ब्रुक मागून पुटपुटली, "पुढच्या रांगेतली पोरं रडतील." किट त्या सरावाला आमच्या मनोऱ्यातली म्हणून आली होती. ती तिथल्या तिथे वळली. "तुझं गाणं ऐकून मागच्या नाताळात चर्चमधलं बाळ रडलं होतं, त्याचं काय करायचं ते आधी ठरव." ब्रुकचा चेहरा बघण्यासारखा झाला.

चाचणीच्या दिवशी जिमच्या दारांना कागद चिकटवले होते, आतलं बाहेर दिसू नये म्हणून. आत लांब टेबलामागे बाहेरगावचे तीन परीक्षक: दोन बायका, एक टक्कल पडलेला माणूस. आमचा मनोरा झाला. किट वर काठीसारखी ताठ उभी राहिली, उतरताना तिचा पाय ट्रिनाच्या नाकावर बसला, रक्त आलं. ट्रिनाने बाहीने पुसलं आणि एकटीच्या पाळीसाठी तिथेच उभी राहिली.

मी भिंतीशी बसून बघत होते. ती मध्यभागी आली, सरळ टेबलाकडे तोंड करून. श्वास घेतला आणि हसली. पूर्ण, तिचं ते हसू, नाकाखाली रक्ताचा डाग. मग ओरडली. माझ्या पाठीमागची भिंत हादरली. पायांनी साथ दिली, उडीत हात बोटांना लागले, आणि खाली येतानाही ती हसतच होती. टक्कलवाले परीक्षक पुढे झुकून बघत होते. टोकाच्या बाईने मात्र पेन थांबवलं आणि विचारलं, "बाळ, तुला बरं नाहीये का? हसायचं असतं."

"हसतेच आहे, मॅडम," ट्रिना म्हणाली. "हे हसूच आहे."

संध्याकाळी कोचनी नावं वाचली. माझं नाव होतं. ट्रिनाचं नव्हतं, किटचंही नव्हतं.

मला वाटलं आता आपणही नको म्हणावं. तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि माझा दंड आवळला. "नाटकं करू नकोस. महिनाभर शेण काढलंयस. जा, जॅकेटचं माप दे."

मग ती सरळ कोचकडे गेली. बाकीच्या मुली मिठ्या मारून रडत होत्या, किंचाळत होत्या. त्या गर्दीतून वाट काढत.

"कोच, मला माझे मार्क सांगा."

"बाळ, आत्ता नको—"

"आत्ताच."

कोचनी चष्मा काढला. "बाकी सगळ्यात मिळून तू चौथी आहेस. आवाजात पहिली. हसण्यात दोघांनी तुला शून्य दिलं."

"तिसऱ्यांनी?"

"दहा."

"म्हणजे मी पडले ती उड्यांमुळे नाही."

"नाही."

"मग ऐका. पुढच्या वर्षी मी परत येणार. परत असंच हसणार. तुम्ही मार्क बदला, कोच, मी चेहरा बदलणार नाही."

कोचनी चष्मा परत चढवला आणि नावांचा कागद घडी करून खिशात घातला.

त्या ऑगस्टपासून मी स्कर्ट घालून मैदानाच्या कडेला, आणि ट्रिना समोरच्या बाकड्यांवर, पहिल्या रांगेत. कुणी तिला बोलावलं नव्हतं. ती आली, किटला घेऊन, आणि आम्ही घोषणा सुरू केली की ती उठून उभी राहायची. आम्ही म्हणायचो "ब्रशी क्रीक!" आणि तिच्या बाजूने "उठा!" असा आवाज यायचा की आमचा सगळ्यांचा मिळून तेवढा नव्हता. पहिल्या मॅचला लोकांनी माना वळवून बघितलं, काही पोरांनी गाल ओढून नकला केल्या. ती त्यांच्याकडे तोंड करून अजून मोठ्याने ओरडली. वांडाकाकू तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसलेल्या, डोळे उघडे. सप्टेंबरपर्यंत तिच्या आजूबाजूची माणसं तिच्याबरोबर ओरडायला लागली. थंडी सुरू झाली तेव्हा अर्धा स्टँड आमच्याकडे बघायचाच नाही, तिच्याकडे बघून उठायचा-बसायचा. ब्रुक धुसफुसायची. "कोच, तिला गप्प बसवा ना. चिअरलीडर आम्ही आहोत."

कोच तिकडे बघत म्हणाल्या, "मग लोकांना उठवून दाखव."

पुढच्या एप्रिलात चाचणीची माहिती वाचताना कोचनी मार्कांची फोड सांगितली. उड्या, हालचाली, मनोरा, आवाज. आणि हसण्याच्या जागी: 'लोकांपर्यंत पोचणं'. कुणी विचारलं, हे काय नवीन? त्या म्हणाल्या, "नवीन काही नाही. आधी चुकीचं लिहिलेलं होतं." ट्रिनाकडे बघितलंसुद्धा नाही. माफी वगैरे मागितली नाही, कधीच नाही. ट्रिनानेही वाट बघितली नाही. या वेळी तिचं नाव सगळ्यात आधी वाचलं गेलं.

तिची पहिली मॅच शेजारच्या गावात होती, त्यांच्या मैदानावर. मध्यंतरात दोन्हीकडच्या चिअरलीडर कुंपणापाशी समोरासमोर येतात, हाय-हॅलो करतात, तशी रीत आहे. त्यांच्यातली एक उंच मुलगी ट्रिनाकडे बघून मैत्रिणींकडे वळली आणि बोटाने गाल खाली ओढून तिने तोंड वाकडं केलं. मैत्रिणी खिदळल्या. मला वाटलं आता भांडण होतं. मी पॉमपॉम खाली ठेवले.

ट्रिना चालत कुंपणापर्यंत गेली, जाळीला नाक लागेल इतकी जवळ, आणि रुंद हसली.

"चुकीची बाजू ओढतेयस," ती म्हणाली. "माझी डावी बंद आहे. डावी. हां, आता कर परत. मी बघते."

त्या मुलीचा हात गालावरच राहिला. तिच्या मैत्रिणी आता तिलाच हसत होत्या. शिट्टी वाजली, ट्रिना वळली आणि पळत आमच्या रांगेत येऊन उभी राहिली, मधोमध, लोकांकडे तोंड करून.